सिनेमा, वरची खोली

लेकीने स्वतःच्या बॅगेतून डायरी काढली तेव्हाच नानांच्या लक्षात आलं, की आज सिनेमा आपण बघणार असलो तरी ती आपल्याला बघणार आहे.

लेक परगावच्या इस्पितळात हेड नर्स होती. समोर माणूस आला की त्याची वेळेसकट नोंद करायची, ही तिची सवय. सकाळपासून तीन नोंदी झाल्या होत्या. दूध करपलं. दोन पायांत दोन मोजे. चष्मा साखरेच्या डब्यामागे.

"बाबा, स्पष्ट सांगते. आई गेल्यापासून तुमचं विसरणं वाढलंय. आजची संध्याकाळ धड पार पडली तर ठीक. नाहीतर रविवारी घराला कुलूप, आणि तुम्ही माझ्याकडे."

"कुलूप लाव की," नाना म्हणाले. "फक्त मला आत ठेवून लाव."

नानांनी चाळीस वर्षं कुलपं बसवण्याचं काम केलं होतं. काम झालं की दार ओढायचं, चावी फिरवायची, तीनदा हिसका देऊन बघायचं आणि चावी काढून घ्यायची. हे सगळं हातच करायचे, डोक्याला विचारत नसत.

शुक्रवारची संध्याकाळ कशी घालवायची हे मात्र त्यांच्या बायकोने ठरवलेलं होतं. तिच्या मते एका हॉटेलात एकच गोष्ट चांगली होते. म्हणून सूप कोपऱ्यावरच्या हॉटेलात, मग सिनेमा, जेवण समोरच्या आचाऱ्याकडे आणि शेवटी केक तिसऱ्याच दुकानात. जेवण मध्यंतरात सांगून यायचं, म्हणजे सिनेमा सुटला की ताट गरम. चौदा महिने नाना यातल्या एकाही दारात गेले नव्हते. आज लेकीला घेऊन निघाले, तर तिच्या खांद्याला आईची तपकिरी पर्स.

"ही कशाला घेतलीस?"

"कपाटात पडून काय करायचीय?"

ती पर्स उघडायचं नानांना अजून जमलं नव्हतं.

सूप निर्विघ्न पार पडलं. सिनेमाघर लहान होतं, नव्वद खुर्च्यांचं. मालकीणबाई स्वतःच तिकिटं द्यायच्या, स्वतःच फाडायच्या आणि दुसरीकडे कुठे लागत नाहीत असे सिनेमे लावायच्या. नानांना बघून त्या नुसत्या "या" म्हणाल्या आणि नेहमीच्या दोन खुर्च्या दाखवल्या.

मध्यंतर झालं. प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर जिन्यात भेटला. "नाना, देवासारखे भेटलात. वरच्या खोलीची कडी अडकतेय, जरा बघा. मी सूप पिऊन आलोच."

नाना हरखले. पाच मिनिटांत कडी लोण्यासारखी सरकू लागली. मग पळत रस्ता ओलांडून ते आचाऱ्याकडे गेले, पातेल्यात वाकून वास घेतला, दोन ताटं सांगितली, येताना लाह्यांचा पुडा घेतला आणि खुर्चीपाशी आले. "धर जरा," म्हणत हातातलं सगळं लेकीच्या ओंजळीत कोंबलं आणि कोट काढून बसले. लेकीने घड्याळ बघितलं. एकही चूक नाही. तिचा चेहरा थोडा पडल्यासारखा वाटला.

दिवे गेले. पडदा मात्र काळाच राहिला.

पाच मिनिटं गेली. मागून कोणीतरी म्हणालं, "हा सिनेमाचाच भाग असेल. यांच्याकडे असं असतं." आणखी दहा मिनिटं लोकांनी काळा पडदा मन लावून बघितला. मग ऑपरेटर धापा टाकत आला.

"नाना, खोलीला कुलूप कोणी लावलं?"

अंधारातही नानांना डायरी उघडल्याचा आवाज आला.

"मीच. चावी आहे माझ्याकडे," म्हणत त्यांनी कोटाचे चारही खिसे उलटे केले. निघाला एक मोजा, सकाळच्या जोडीतला.

"दुसरी चावी?" मालकीणबाईंनी ऑपरेटरला विचारलं.

"माझी एकच. ती दारालाच होती."

"मग उघडा की नाना! कुलूपवाले ना तुम्ही?"

"हे मी बसवलेलं कुलूप आहे," नाना ताठ होऊन म्हणाले. "सहज उघडणारं असतं तर बसवलं असतं का?"

ऑपरेटर हातोडा घेऊन आला. नाना दाराला पाठ लावून उभे राहिले. शेवटी ठरलं, की चावी आचाऱ्याकडे पडली असणार. नाना निघाले. मागे मालकीणबाई, मागे डायरी, आणि मागे सगळं प्रेक्षागृह. आत काळोखात बसून करायचं काय?

एवढी माणसं दारात बघून आचाऱ्याने आधी कपाळाला हात लावला आणि मग सगळ्या शेगड्या पेटवल्या.

"जेवायला नाही हो, चावी शोधायला आलोत!"

"पातेल्यात वाकला होतात ना तुम्ही?" आचारी म्हणाला आणि त्याचा आवाज बारीक झाला. अख्खं पातेलं चाळणीतून ओतलं गेलं. चावी नाही. एक शर्टाचं बटण निघालं. आचाऱ्याने आधी ते बटण बघितलं, मग स्वतःचा शर्ट, आणि तो म्हणाला, "हे मसाल्यातलं असेल." तोवर निम्मी मंडळी हात धुऊन टेबलांवर बसलीसुद्धा होती.

"सहा वाजून चाळीस," लेक लिहीत होती. "चावी हरवली. नव्वद माणसांची गैरसोय."

नाना एका खुर्चीवर टेकले. "भर बॅग," ते हळूच म्हणाले. "येतो मी."

मालकीणबाई सुस्कारा टाकून म्हणाल्या, "वहिनी असत्या तर एवढं रामायण झालंच नसतं. त्या लगेच पर्समधून चावी काढायच्या."

लेकीचं पेन थांबलं. "लगेच म्हणजे? आधी कधी झालंय असं?"

"कधी? तीनदा! एकदा तर मला तिकीट खिडकीत कोंडून हे सूप प्यायला गेले होते."

"आई असताना?"

"त्या बरोबरच होत्या. म्हणाल्या, आधी सूप संपवू दे त्यांना."

लेकीने तपकिरी पर्स टेबलावर ठेवली आणि आतला कप्पा उघडला. जाडजूड जुडगा निघाला. प्रत्येक चावीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर बारीक अक्षर. 'सूपवाली, मागचं दार.' 'केकवाला, कोठी.' आणि एकावर, 'सिनेमा, वरची खोली. हे कोंडणार.'

नानांनी तो पुठ्ठा हातात घेतला आणि चष्मा पुसला. मग परत पुसला. नव्वद माणसांपैकी कोणीही घाई केली नाही.

"मला एका शब्दाने बोलली नाही कधी," ते म्हणाले.

"म्हणजे बाबा, तुम्ही पहिल्यापासूनच असे आहात?"

"सकाळपासून तेच सांगतोय मी! वाढलंबिढलं काही नाही."

सिनेमाचा उरलेला भाग सगळ्यांनी भरल्या पोटी बघितला. नंतर बापलेक केकच्या दुकानात बसले. नाक पुसायला लेकीने स्वतःच्या कोटाच्या खिशातून रुमाल ओढला, तशा चार लाह्या उडाल्या आणि बशीत खणकन चावी पडली.

दोघांनी चावीकडे बघितलं.

"तुम्ही मला दिली होतीत?"

"धर जरा, म्हणालो होतो."

लेक लाल झाली.

"लिही," नाना म्हणाले. "वेळ घाल."

तिने डायरी काढली, सकाळपासूनचं पान फाडलं आणि चुरगळून बशीखाली सरकवलं. मग म्हणाली, "रविवारी मी एकटीच जाते. पण घराची दुसरी चावी माझ्याकडे राहील."

"हरवशील."

"हरवीनच. तुमच्यावर गेलेय."

नानांनी केकचा मोठा तुकडा तिच्याकडे सरकवला.

"मग उद्या तिसरी करतो," ते म्हणाले. "सूपवालीकडे ठेवू. आणि पुठ्ठ्यावर तू लिही. तुझं अक्षर आईसारखं आहे."