नारायणमामांचा उजवा पाय

नारायणमामा पॅन्टचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत दुमडून ठेवत. कायम. बाजारात, बँकेत, पुतणीच्या लग्नात वरमाईशेजारी फोटोला उभं राहतानासुद्धा. डावा पाय मात्र इस्त्रीसकट खाली. कुणी हटकलं तर म्हणत, "खाडीचा काय भरवसा? कवा हाक येल." आणि दोन्ही का नाही दुमडत? "दुसरा चालता चालता दुमडून व्हतो."

आमच्या गावच्या बांधात खाडीचं पाणी आत-बाहेर करणारी, लाकडी झडपेची मोरी आहे. तिला उघाडी म्हणतात. मामा तिचे राखणदार. मी शाळेत शिक्षिका आणि खाडी समितीची चिटणीस. मी सभा दहाची लावायची आणि मामा भरती बघून यायचे, म्हणजे कधी साडेआठला, कधी चहा संपल्यावर. हजेरीच्या यादीत त्यांच्यापुढचा वेळेचा रकाना मी कोराच सोडायची.

महिन्यातून दोनदा, मोठ्या ओहोटीनंतर, ते माझ्या ओट्यावर एक पोचे पडलेला डबा ठेवून जात. आत धुतलेल्या शिवल्या, खाडीच्या चिखलातले शिंपले. "मोजायच्या न्हाईत बाई, नुसत्या खायच्या."

मग तिवरांची लागवड आली. खाडीकाठची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, तुटून गेली होती, ती परत आणायला समितीला रोपं मिळाली. मी यादी केली: बांबू, सुतळी, जाळी, गमबूट, चहाचे पेले. 'जागा' या रकान्यात लिहिलं, 'उघाडीबाहेरचा मोकळा चिखल.' तिथे रांगा सरळ बसत होत्या.

"मोकळा?" मामा म्हणाले. "सुकतीला, पानी उतरल्यावर, कवा तितं गेलाय का, बाई?"

"मला कामं असतात, मामा."

"शिवल्यांचं घर हाय ते. तितं तिवर कवाच नव्हतं. उघाडीची झडप काढा, आतल्या पडीक भातखाचरात पानी जाऊ द्या. बी आपल्या पायानं येल."

"आपोआप येईल, हे अहवालात कसं लिहू?"

"लिवू नका."

आम्ही रांगा लावल्या. चौथ्या सकाळी माझ्या ओट्यावर रोपं रचलेली. मुळं धुतलेली, केळीच्या सोपटाने दहा-दहाच्या जुड्या बांधलेल्या, माझ्या नंबरांच्या चिठ्ठ्यांसकट. शेजारी मामा उभे. "एकबी मोडलं न्हाय. दुसरीकडं लावा."

मी पट्टी ठेवून समितीच्या यादीतल्या त्यांच्या नावावर रेघ मारली. पुढच्या ओहोटीला रोपं त्याच जागी परत लावली आणि भोवती जाळी ठोकली.

पावसाळ्यानंतर रोपांवर कालवांचे शिंपले चढले आणि त्या वजनाने रोपं वाकून मेली. बांबू आणि जाळीत गाळ अडकून चिखल घट्ट झाला. शिवल्या गेल्या. डबा यायचा बंद झाला. त्याच पावसात उघाडीची झडप मोडली, ती कुणी बसवली नाही. मामा माणगावला मुलीकडे राहायला गेले.

यंदा त्या पडीक खाचरात तिवरं गुडघाभर झाली आहेत. रांग नाही, नंबर नाही. हे सांगायला आणि माफी मागायला मी माणगावला गेले. काय काय बोलायचं त्याची यादी पिशवीत होती.

मामा गॅलरीत खुर्चीवर होते. खाली महामार्ग. उजवा पाय दुमडलेला.

"अजून सोडत नाहीत बघा," मुलगी चहा ठेवत म्हणाली. "आई शिवल्यांना जायची ना, एकदा कमरेपर्यंत रुतली. तेव्हापासून ती चिखलात उतरली की बाबा पाय दुमडून उघाडीवर बसायचे. हाक आली की धावायला. ती गेल्यावर तिचा डबा घेऊन स्वतः उतरायला लागले."

त्यांच्या बायकोच्या तेराव्याच्या सामानाची यादी मीच केली होती. हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

मी खाचरातल्या तिवरांचं सांगितलं. मामांचा चेहरा उजळला. "आली व्हय आपल्या पायानं?" मग म्हणाले, "आनि भायेरच्या चिखलात? कोन उतरतं आता?"

"कोणी नाही, मामा. माझंच चुकलं. घट्ट झालाय तो. पाय रुतत नाही आता."

"रुतत न्हाय?"

"नाही."

मामांनी वाकून उजव्या पायाची एकेक दुमड सोडली आणि कापड हाताने सारखं केलं. दुमडीतला रंग अजून नवा होता.