मधल्या सुट्टीतला भागाकार

ज्ञान ही डोळ्यांना न दिसणारी गोष्ट आहे. म्हणूनच ते झालं की नाही हे वहीत पाहावं लागतं. ताडकळसच्या व्यंकटरावांना हे सत्य नोकरीच्या पहिल्याच वर्षी उमगलं. शिक्षण खात्यात त्यांनी एकतीस वर्षं शाळा तपासल्या. (शिकवलं कधीच नाही. तपासणाराच शिकवू लागला तर तपासायचं कुणी?)

निवृत्तीनंतर एकदा ते नातवंडांच्या शाळेत सहज डोकावले. नात अपेक्षा चौथीत, नातू गोपाळ दुसरीत. कपाटातली नियोजनाची वही उघडून पाहिली, तर आठ दिवसांची पानं कोरी. आणि सिद्धोधन गुरुजी भर शाळेच्या वेळात लिंबाखाली बसून पोरांना चिंचोक्यांवर भागाकार शिकवत होते. व्यंकटरावांना घाम फुटला. अपेक्षाच्या पुढ्यात चोवीस चिंचोके होते, चौघांत वाटायचे. ती हात घालणार तोच आजोबांनी तिचं मनगट धरलं आणि दोघा भावंडांना घरी आणलं. "आबा, माझं गणित राहिलं की," असं ती वाटभर म्हणत होती. (याची नोंद आढळत नाही.)

लेकरं आता घरीच शिकतील, असा ठराव त्याच सांजेला मंजूर झाला. मुलगा बजरंग परभणीला खताच्या दुकानात; तो फोनवर "बरं" म्हणाला, ती संमती धरली. सून राजेश्री डी.एड. झालेली आणि आठ वर्षं भरतीची वाट पाहत बसलेली. तिची शिक्षिकेच्या जागी नेमणूक झाली. पत्नी सुमनबाईंना व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद मिळालं, शिवाय खिचडी. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि तपासणी अधिकारी या तीन जागांसाठी लायक माणूस न मिळाल्यानं त्या व्यंकटरावांनी नाइलाजानं स्वतःकडे ठेवल्या.

फळा कधी आणायचा, एवढंच राजेश्रीनं विचारलं. आधी वह्या, असं उत्तर मिळालं.

वह्या एकोणीस झाल्या. म्हणजे दर विद्यार्थ्यामागे साडेनऊ. हजेरीपट, सूचना वही, आवक-जावक (आवक क्रमांक एक : सोनपेठच्या पाहुण्यांची लग्नपत्रिका), आणि भेट वही, जिच्यात दूधवाला रोज सकाळी अभिप्राय लिही : "एक लिटर." दोन लेकरांची हजेरी दोनदा होई. गोपाळ मोरीत असला तर त्याची "तात्पुरती गैरहजेरी" मांडली जाई आणि तो परत आला की खुलासा लिहून घेतला जाई.

शाळा रोज चार तास, म्हणजे दोनशे चाळीस मिनिटं. त्यांतली प्रार्थना आणि हजेरीत पंचेचाळीस, आज काय शिकवायचं ते लिहिण्यात ऐंशी, काय शिकवलं ते लिहिण्यात पासष्ट, आणि सहीसाठी मुख्याध्यापकांची झोप मोडण्याची वाट पाहण्यात एकोणचाळीस. उरली अकरा मिनिटं. एवढा भरगच्च दिवस जिल्ह्यात दुसरीकडे क्वचितच असेल. भागाकाराला वार्षिक नियोजनात फेब्रुवारी दिला होता. अपेक्षानं दसऱ्यापासून चारदा विचारलं; चारही वेळा तिला तारीख दाखवण्यात आली. कीर्तनात टाळकऱ्यांनी गजर धरावा, तो रंगतच जावा आणि बुवांना उभं राहायची पाळीच येऊ नये, तसं त्या घरात चाललं होतं. मात्र गजर उत्तम होता. पिंगळीहून एक निवृत्त मुख्याध्यापक मुद्दाम वह्या बघायला आले आणि त्यांच्या कव्हरांवरून हात फिरवत गहिवरले.

डिसेंबरात गावात सप्ताह बसला. काल्याच्या कीर्तनात बुवांनी साऱ्या मंडपाला रडवलं, मग हसवलं. (या बुवांकडे एकही वही नाही, तरी त्यांनी सांगितलेलं माणसं वीस-वीस वर्षं विसरत नाहीत. हा गैरप्रकार कुणी तपासलेला नाही.) प्रसादाला केळी आली, एकशे अडतीस. टाळकरी तेवीस. कुणाला किती, यावर तीन शहाणी माणसं बोटं मोजायला लागली, तोच मागून अपेक्षा म्हणाली, "सहा-सहा द्या की. काई उरत न्हाई."

वाटून पाहिली. खरंच उरली नाहीत.

"लय हुशार हाय माय लेकरू," बुवा म्हणाले. "कोण्या शाळंत हाय?"

"आमच्याच," व्यंकटराव म्हणाले, आणि त्यांची छाती फुगली. घरी येईपर्यंत ती उतरली. भागाकार तर फेब्रुवारीत होता. डिसेंबरात तो पोरीला येतोच कसा? त्यांनी एकोणीसही वह्या चाळल्या. कुठंही नोंद नव्हती. सकाळी सुनेला कारणे दाखवा नोटीस मिळाली, चहासोबत, जावक क्रमांक सातसह.

राजेश्रीनं लेखी उत्तर दिलं नाही. ती पदराला हात पुसत ओसरीवर येऊन उभी राहिली.

"मामा, मी शिकवलं. मधल्या सुट्टीत, गोठ्याच्या मागं, शेंगा वाटून. तेवढाच वेळ तुमच्या वह्यात न्हवता. आठ वर्षं मी वाट पाह्यली कुणाला तरी शिकवायची. आता काय शिक्षा करायची ती करा."

व्यंकटराव हृदयानं फार मोठे. त्यांना दाटून आलं. त्यांनी शिक्षा केली नाही. उलट एवढं चांगलं काम अंधारात राहू नये म्हणून त्याच दिवशी विसावी वही आखली : मधली सुट्टी नोंदवही. रकाने चौदा. पहिल्या पानावर त्यांनी स्वतः हळदी-कुंकू वाहिलं.

आता राजेश्री मधल्या सुट्टीत ती वही भरते. अपेक्षा मूठभर शेंगा घेऊन तिच्याजवळ उभी असते. सतरा शेंगा, पाच जण. वाटून दोन उरतात, त्यांचं काय करायचं, हे तिला विचारायचं असतं.

"थांब माय," राजेश्री मान वर न करता म्हणते, "एवढं पान होऊ दे."

वाचकांनी राजेश्रीला बोल लावू नये. आपण हे वाचत असताना आपलंही एखादं लेकरू काही विचारायला दारापर्यंत येऊन गेलं असेल. त्यालाही आपण, मान वर न करता, हेच सांगितलं असेल. पान झालं आहे. लेकरू तिथं आहे का, बघावं.