म्हात्रे कंट्रोलर आणि काळी साडी

आमच्या आळीत कोंबडा आरवायच्या आत म्हात्रे कंट्रोलर आरवतात. फाटकाच्या खांबाला रेलून, एक हात कानावर ठेवून, नाकातून: "लक्ष द्यावे. ओला कचरा घेऊन येणारी नंदा पाटील आज काही मिनिटे उशिराने धावत आहे." मग समोरच्या घरातून नंदाचा आवाज येतो, "आले वो काका, चहा तर गाळू दे," आणि किहीममधला आमचा दिवस सुरू होतो.

नातवंडांनो, तुमच्याकडे कचऱ्याची गाडी गुपचूप येते आणि गुपचूप जाते असं तुमची आई सांगते. आमच्याकडे कचऱ्याला निवेदक आहे. सगळ्या आळीचा ओला कचरा म्हात्र्यांच्या वाडीतल्या खड्ड्यात जातो, त्याचं खत होतं, आणि ते खत आम्हाला परत मिळतं, आम्ही नको म्हटलं तरी.

म्हात्रे एसटीच्या डेपोत कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, हे भोंग्यातून सांगण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले तेव्हा डेपोने त्यांना शाल दिली, नारळ दिला, पण आवाज मागून घेतला नाही. ते आम्ही भोगतो आहोत.

पर्यावरणाचा नाद त्यांना लागला एका एक जानेवारीच्या सकाळी. एकतीस डिसेंबरला आमच्या किनाऱ्यावर मुंबई-पुण्याची माणसं येतात, रात्रभर नाचतात आणि जाताना आपल्या बाटल्या सुरूच्या बनाला आहेर करून जातात. म्हात्रे सकाळी फिरायला गेले, एका बाटलीवर पाय पडून वाळूत बसले, आणि उठले ते संकल्प करूनच. तेव्हापासून दर नव्या वर्षाला एक नवा संकल्प. माणसं असले संकल्प आठवडाभरात सोडतात. म्हात्रे सोडत नाहीत, जुना चालू ठेवून वर नवा लादतात.

एका वर्षी त्यांनी टूथपेस्ट सोडली आणि भाताच्या तुसाची राख धरली. त्याच वर्षी नंदाच्या दिराचं लग्न होतं, आणि त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत म्हात्रे काळं हसताहेत. एका वर्षी मासळी प्लास्टिकच्या पिशवीतून आणायची नाही असं ठरलं. ते उघडी बालदी घेऊन बाजारात जाऊ लागले आणि येताना त्यांच्यामागून गावातली मांजरं पालखीमागे चालावं तशी चालत येऊ लागली. एका वर्षी आंघोळीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते केळीखाली बसून आंघोळ करू लागले. आम्ही सगळ्यांनी मागच्या खिडक्यांना पडदे लावून घेतले. केळी मात्र त्या वर्षी जोरात आल्या, हे मला नाकारता येत नाही.

या सगळ्याला आवर घालणारं एकच माणूस होतं, त्यांची बायको सुमन. ती शांतपणे म्हणायची, "आंघोळ करा, पण घोषणा नको," आणि घोषणा होत नसे. पण दीड वर्षापूर्वी त्यांच्या मुलाला खारघरला मुलगी झाली. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवाले, म्हणून सुमन दोन महिन्यांसाठी म्हणून नात सांभाळायला गेली ती तिकडचीच झाली. म्हात्रेही गेले होते. पण त्यांनी सोसायटीच्या लिफ्टमधून कुजक्या भाजीची बालदी गच्चीवर नेली, आणि लिफ्टमध्ये कोण कोण होतं ते मी इथे लिहीत नाही. चौथ्या दिवशी ते परत आले. सुमन मधे येऊन गेली ती पाहुण्यासारखी, नातीच्या दुधाच्या बाटल्या सांभाळत, सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीने परत. आमच्यापैकी कुणी विचारलं की म्हात्रे म्हणत, "खारघर गाडी उशिराने धावत आहे." मग खताच्या खड्ड्याकडे जात.

या जानेवारीत त्यांचा संकल्प जाहीर झाला तो असा. घरात वर्षभर वापरली गेली नाही अशी एकही वस्तू ठेवायची नाही. ज्याला उपयोग असेल त्याला द्यायची, नाहीतर तिचं दुसरं काहीतरी करायचं. "जी गाडी वर्षात एकदाही सुटली नाही ती डेपोत कशाला? बाद." बाद हा त्यांचा आवडता शब्द आहे.

पहिल्याच दिवशी मुलाने पाठवलेली व्यायामाची सायकल बाद झाली. पायडल मारूनही जागचं न हलणारं वाहन त्यांना आधीपासूनच मान्य नव्हतं. मग काचेचा डिनर सेट, मिक्सरची जास्तीची भांडी, आहेरात आलेली घड्याळं, असं सगळं आळीत वाटलं गेलं. नंदाच्या घरात आता तीन घड्याळं तीन वेळा दाखवतात. माझ्याकडेही ते तपासणीला आले. माझ्या कपाटातला चिनी मातीचा टी-सेट तुम्हाला आठवतो का, ज्याला हात लावायची तुम्हाला बंदी होती? त्याच्यापुढे उभे राहून म्हणाले, "बाई, ही गाडी शेवटची कधी सुटली?" मी हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलं, मला कुणी असं विचारलेलं नाही. मी त्यांना त्याच कपातून चहा दिला. गाडी सुटली म्हणाले, आणि सेट वाचला.

त्यानंतर आल्या पिशव्या. म्हात्रे शिलाई मशीनवर बसून कापडी पिशव्या शिवताहेत आणि प्रत्येक घराला एक देताहेत, ही बातमी नंदाने आणली. माझ्या वाट्याला आलेली पिशवी काळी होती, लाल काठाची, वर बारीक पांढऱ्या बुट्ट्या. शिवण वाकडी, पण कापड मऊ आणि घट्ट. मी तिच्यात कांदे भरले. नंदाने तिच्या पिशवीत सुके बोंबील ठेवले. कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलींनी त्यांच्या पिशवीतून मडक्यात भाजायच्या पोपटीसाठी वालाच्या शेंगा आणल्या. आळीत जिथे बघावं तिथे काळी पिशवी लटकलेली. आणि आम्हा एवढ्या बायकांपैकी एकीच्याही डोक्यात काही आलं नाही.

मग संक्रांतीच्या चार दिवस आधी सुमनचा मला फोन आला. म्हात्रे वीज वाचवायला सकाळी फोन बंद ठेवतात, म्हणून तिचे निरोप माझ्याकडे येतात. ती म्हणाली, संक्रांतीला येतेय, सूनबाईला सुट्टी आहे. मागच्या वर्षी नात तान्ही होती म्हणून हळदीकुंकू राहिलं, यंदा करू या. संध्याकाळी परत निघेन. आणि जाता जाता म्हणाली, "ह्यांना सांगा, माझी काळी साडी उन्हात घालून ठेवा."

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. एरवी सणाला काळं नेसत नाहीत. संक्रांतीला मात्र मुद्दाम काळं नेसतात, आणि लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला बाईला खास काळी साडी येते. सुमनची साडी तिच्या आईने माणगावच्या बाजारातून आणली होती. सुमन ती वर्षातून एकदा, फक्त संक्रांतीला नेसायची. काळी, लाल काठाची, वर बारीक पांढऱ्या बुट्ट्या.

मी हातातली पिशवी टेबलावर ठेवली, कांदे काढले, आणि ती घेऊन म्हात्र्यांकडे गेले. ते खत चाळत होते. मी निरोप सांगितला. चाळणी त्यांच्या हातात तशीच राहिली. मग म्हणाले, "मागच्या संक्रांतीला ती नव्हती. म्हणजे वर्षात सुटली नाही ना, बाई. मी नियमाने..." आयुष्यात पहिल्यांदा त्यांची घोषणा अर्ध्यावर थांबली.

दुपारपर्यंत आळीला कळलं. सगळ्या पिशव्या गोळा झाल्या, धुतल्या, म्हात्र्यांच्या कुंपणावर वाळत घातल्या. नंदाची पिशवी दोनदा धुऊनही बोंबलाचा वास सोडेना आणि कुंपणाखाली मांजरं येऊन बसली. म्हात्र्यांनी पिशव्या उसवल्या आणि तुकडे परत जोडायला घेतले. जे तयार झालं त्याच्या मधूनच लाल काठ जात होता, आणि एका कडेला पिशवीचा एक बंद तसाच राहिला होता. नंदा म्हणाली, "काका, ह्ये नेसून काकी भाजी आणंल का हळदीकुंकू करंल?" मी अलिबागहून दुसरी काळी साडी आणू या म्हटलं. ते नको म्हणाले. जी गाडी रद्द केली ती रद्द केली असं सांगायचं, दुसरी गाडी तिच्या नावाने सोडायची नाही, असं त्यांना डेपोत शिकवलं होतं म्हणे.

"आता काकी संध्याकाळची गाडीबी न्हाय बघायची," नंदा मला हळूच म्हणाली. "दुपारचीच धरंल." म्हात्र्यांनी ते ऐकलं. त्यांनी अंगण दोनदा झाडलं.

संक्रांतीच्या सकाळी सुमन आली. नंदा आणि मी तिळगूळ वळायला तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. तिने हातपाय धुतले, पाणी प्यायली आणि कपाट उघडायला आत जाणार एवढ्यात म्हात्रे दारात उभे राहिले. हात कानावर.

"लक्ष द्यावे. काळी साडी रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"कोणी केली रद्द?" सुमनने विचारलं.

"कंट्रोलरने."

मग त्यांनी सगळं सांगितलं, साध्या आवाजात, नियमापासून बोंबलापर्यंत. आम्ही तिळगुळाकडे बघत राहिलो. सुमन ऐकून घेऊन म्हणाली, "वर्षभर वापरली नाही. मी तरी कुठे होते वर्षभर?"

सुमन उठली. आता माझं आणखी काय काय बाद केलंत ते बघते, म्हणाली, आणि घरभर फिरू लागली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटत होती. दाराच्या खुंटीला तिची छत्री होती, गुलाबी फुलांची.

"ही कशी राहिली?"

"चालू आहे," म्हात्रे म्हणाले. "पावसाळाभर चालवली."

"व्हय काकी," नंदा म्हणाली. "गुलाबी छत्री घेऊन बाजारात जायाचे. आम्ही लय हसलो."

कोपऱ्यात तिच्या चपला होत्या. टाचा निम्म्या झिजलेल्या, म्हात्र्यांचे पाय मोठे. तिचे भजनाचे टाळ देव्हाऱ्यापाशी होते. दर एकादशीला म्हात्रे बायकांच्या भजनात मागे बसून ते वाजवतात आणि ताल चुकवतात. त्यांना हरिभजनाची गोडी लागली असं आम्ही समजत होतो. तिची शाल, तिची विळी, तिचा बसायचा पाट, सगळं जागच्या जागी होतं आणि सगळं झिजलेलं होतं.

"मशीन?" सुमनने विचारलं.

"त्यावरच पिशव्या शिवल्या. मला येत कुठे होतं शिवायला? पण वापरलं नसतं तर बाद करावं लागलं असतं." म्हात्रे जमिनीकडे बघत होते. "सगळं एकेक करून चालू ठेवलं. साडी तेवढी... साडी मी कशी नेसणार, सुमन?"

नंदाने तोंडाला पदर लावला. हसत होती की काय ते मला कळलं नाही. माझंही मला नीट कळलं नाही.

सुमनने चुलीवर चहा ठेवला. फळीवर पुढेच तिचा निळ्या काठाचा कप होता, कान थोडा उडालेला, रोज घासून चकचकीत झालेला. तो तिने हातात घेतला. "यात रोज चहा पिता? नियमाला वर्षातून एकदा पुरे होतं की."

"सवय झाली," म्हात्रे म्हणाले.

"मग तुमचा कुठाय?"

त्यांचा कप फळीच्या अगदी मागे सापडला. आत धूळ, आणि कानाला कोळ्याचं जाळं. सुमनने तो खिडकीच्या उजेडात धरला, सगळीकडून बघितला.

"हा काही वर्षभरात सुटलेला दिसत नाही," ती म्हणाली. "हा बाद करायचा का?"

म्हात्रे कंट्रोलर तिच्याकडे बघत उभे राहिले. उत्तराची वाट न बघता तिने कप विसळला, पदराने पुसला आणि त्यात चहा गाळला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, हळदीकुंकू आजच करायला पाहिजे असं नाही ना? रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं?"

चालतं, मी म्हटलं.