स्टेपनी कट्ट्यावरच्या सिस्टर

सिस्टरांच्या गाडीचं लसीकरण कार्ड आहे. थट्टा करत नाही. लहान मुलांचं असतं तसंच, घडीचं, वर प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं. आईचं नाव या रकान्यात सिस्टरांचं नाव, बाळाच्या नावापुढे गाडीचा नंबर, आणि वजनाच्या रकान्यात आठशे किलो. ऑइल बदललं की तारीख, मेकॅनिकची सही आणि पुढची तारीख पेन्सिलीने. वडिलांच्या रकान्यात काय लिहावं यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि शेवटी आधीच्या मालकाचं नाव घातलं.

सिस्टर म्हणजे सुनंदा गायकवाड. आरोग्य खात्यात तेहतीस वर्षं नर्स. माणगावपासून मुरुडच्या किनाऱ्यापर्यंत अशी वाडी नसेल जिथलं एखादं पोर त्यांनी रडवलं नाही. माझ्या डाव्या दंडावरचा वणसुद्धा त्यांचाच. यजमान शाळामास्तर होते, ते गेले. मुलगा श्रीकांत माझ्याच वर्गातला, तो मांडव्याला गॅरेज टाकून तिकडेच राहतो. निवृत्त झाल्यावर बाईंनी देवदर्शनाला जावं, लोणची घालावीत. सिस्टरांनी जुनी पांढरी छोटी गाडी घेतली आणि साठीला टेकल्यावर ड्रायव्हिंग शिकायला सुरुवात केली.

माझं हायवेला स्पेअर पार्टचं दुकान. त्यामुळे गाडीला शिंक आली तरी फोन मला. "बाळा, गाडी चढणीला रडते रे. पेट्रोल नीट पिते. खालून काही गळत नाय. अंग मात्र गरम लागतं." गावातल्या मेकॅनिकला तर त्यांनी साबणाने हात धुतल्याशिवाय बॉनेटला हात लावू दिला नाही, आणि तो धूत असताना शेजारी उभं राहून वीसपर्यंत मोजलं. शेवटी मी कंटाळून त्यांना 'स्टेपनी कट्ट्या'वर नेऊन सोडलं.

स्टेपनी कट्टा ही मराठी गाडीवेड्यांची वेबसाइट. तिथे मी मॉडरेटर, म्हणजे गावजेवणात पंगतीवर लक्ष ठेवणारा माणूस असतो तो. कुणी शिवी दिली तर पुसायची, गाडी सोडून दुसरा विषय निघाला तर धागा, म्हणजे ती चर्चा, बंद करायचा. सिस्टर आल्या आणि आठ दिवसांत तिथल्या सगळ्यांच्या सिस्टर झाल्या. 'टर्बोवाघ' नावाच्या इसमाला त्या 'वाघबाळा' म्हणत. कुणाच्या गाडीचा अपघात झाला की बाकीचे बंपरची किंमत विचारत, सिस्टर विचारत, "धनुर्वाताचं घेतलंस का?" आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य, जे त्या वाड्यावाड्यांतून तेहतीस वर्षं म्हणत आल्या: घाबरायचं नाय आणि लपवायचं पण नाय.

कट्ट्यावरचा सगळ्यात मानाचा सभासद म्हणजे 'डिझेलदादा'. इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, कुठलं बेअरिंग गेलंय ते हा घरबसल्या सांगणार. एकदा मायलेजवरून वाद चालू असताना त्याने लिहिलं, "कंपनी सांगते बावीस, रस्त्यावर मिळतात सोळा. आकडा देणारा तोच आणि माल विकणारा तोच. लसीचंही हेच आहे, समजलं का." लोकांनी त्यावर अंगठ्यांचा पाऊस पाडला.

सिस्टरांनी उत्तर दिलं. "दादा, सोळाच मिळतात हे तुला कसं कळलं? मोजलंस म्हणून. लसीचंही मोजतात. मीच मोजत होते. ताप आलेलं, सूज आलेलं प्रत्येक पोर वहीत लिहून वर कळवत होते."

"वर त्याचं काय झालं?"

"सगळं मला ठाऊक नाही. ठाऊक आहे तेवढंच सांगते."

हे असं सुरू झालं ते थांबेचना. दादाने लिहिलं, लसी परत मागवल्याच्या बातम्या येतात त्या कशा येतात? सिस्टर म्हणाल्या, गाड्याही परत मागवतात की, म्हणून तू बैलगाडी जुंपलीस का? परत मागवतात याचा अर्थ विकल्यानंतरही कुणीतरी डोळे उघडे ठेवून बसलंय. वाघबाळ मध्येच म्हणालं, पण विज्ञानावर विश्वास ठेवायलाच हवा. त्यावर सिस्टर त्यालाच ओरडल्या. "विश्वास कशाला ठेवतोस? बघ, तपास, मग मान. आमच्या विहारात लहानपणापासून हेच शिकवलंय." बिचारा त्यांच्याच बाजूचा होता.

मग दादाने डाव टाकला. "मोजायचं राहू द्या. एकाही मुलाला कधीच काही होत नाही असं इथे सगळ्यांसमोर लिहून द्या. मी हरलो म्हणतो."

सगळा कट्टा वाट बघत बसला. मी दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवून मोबाइल बघत होतो. एक ओळ आली: "देत नाही."

खाली त्यांनी लिहिलं की खाडीकाठच्या एका वाडीत लस दिल्यावर दहा मिनिटांत एक मुलगी निळी पडली होती. पेटीत त्यावरचं इंजेक्शन असतं, ते दिलं, तिला उचलून गाडी मिळेपर्यंत त्या पळत गेल्या. मुलगी वाचली, आता कॉलेजात आहे. "असं फार म्हणजे फारच क्वचित होतं. तेहतीस वर्षांत मी एकदा पाहिलं. पण पाहिलंय, मग होत नाही असं कसं लिहून देऊ? म्हणूनच तर लस दिल्यावर आम्ही अर्धा तास बसवून ठेवतो."

झालं! नर्सनेच कबूल केलं, म्हणून त्या ओळींचे फोटो इकडून तिकडे फिरू लागले. मी त्यांच्यावर असा वैतागलो की विचारू नका. जिंकत आलेला सामना बाईंनी स्वतःच्या हाताने घालवला होता. फोन करून म्हटलं, "सिस्टर, मी ते पुसून टाकतो."

"हात लावायचा नाय त्याला," त्या म्हणाल्या. "आज हे पुसलंस तर उद्या माझं बाकीचं कोण खरं मानेल?"

राग तेव्हा गेला नाही. पण हे वाक्य मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं, आणि सांगताना 'आमच्या सिस्टर' असं म्हणालो.

इकडे तक्रारी वाढल्या. कट्टा गाड्यांचा की दवाखान्याचा? नियम म्हणजे नियम. संध्याकाळी धागा बंद करतो असं मी जाहीर केलं. तासाभरात पांढरी गाडी दुकानासमोर दोन गचके खाऊन बंद पडली. सिस्टर उतरल्या, आत आल्या आणि टायरच्या चळतीवर बसल्या. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"धागा बंद करू नको, बाळा."

"सिस्टर, नियम आहे. आणि हा दादा काय ऐकणार आहे का? कशाला जीव जाळता?"

"तो आपला श्रीकांत आहे रे."

 ज्याच्याबरोबर मी शाळेत एका बाकावर बसलो, तो माणूस दोन वर्षं मला बेअरिंगवर सल्ले देत होता आणि मला पत्ता नाही.

"दर दोन वाक्यांनी 'समजलं का'. लहानपणापासूनची खोड. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. त्यानेपण मला ओळखलंय."

"मग फोन करा की सरळ!"

"फोनवर तो ठेवून देतो. इथे ठेवता येत नाय. सगळे बघत असतात, उत्तर द्यावंच लागतं."

मग त्यांनी सांगितलं. नात झाली तेव्हा त्या मांडव्याला गेल्या होत्या. दारात पाऊल टाकलं आणि पहिला प्रश्न विचारला, कार्ड कुठाय? बाळाचं नाव त्यानंतर विचारलं. श्रीकांत म्हणाला, "आई म्हणून आलीस की सिस्टर म्हणून? सिस्टर म्हणून आली असशील तर परत जा." त्या परत आल्या. नात आता नऊ महिन्यांची होती. जन्मल्यावर दवाखान्यात दिलेल्या लसी सोडल्या तर एकही झाली नव्हती, आणि आजीने तिला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं.

"उशीर झाला तरी सुरू करता येतं," त्या म्हणाल्या. "पण गोवर काय आपल्यासाठी थांबत नाय रे." आणि तेहतीस वर्षं लोकांना घाबरायचं नाय म्हणणारी ही बाई माझ्यासमोर पदराने डोळे पुसायला लागली.

मी धागा बंद केला नाही. त्याचं नाव तेवढं बदलून 'वाहनाची सुरक्षितता: सर्वसाधारण चर्चा' असं ठेवलं. मॉडरेटरच्या कारकिर्दीतला हा माझा एकमेव भ्रष्टाचार, आणि त्याचा मला अभिमान आहे.

दोन दिवसांनी डिझेलदादाने लिहिलं. या वेळी त्यात थट्टा नव्हती.

"शोरूममध्ये डेमोची गाडी असते. येईल तो क्लच दाबून बघतो. मी ती गाडी होतो. माझी आई नर्स. माझा एकही डोस आमच्या गावात झाला नाही. ज्या वाडीतले लोक भ्यायलेले असतील तिथे मला न्यायचं, सगळ्यांसमोर उभं करायचं आणि टोचायचं. पाचव्या वर्षीचं मला आठवतं. चाळीस बायका टक लावून बघत होत्या. मी रडलो तर त्या घाबरतील म्हणून रडायची चोरी. एक म्हातारी म्हणाली, 'सिस्टरनं आपल्या लेकराला दिलं न्हवं, मंग भ्याचं काय कारण न्हाय.' सगळ्यांनी पोरं पुढे केली. माझा विज्ञानावर राग नाही. मला कुणी विचारलं नाही, एवढंच."

  सिस्टरांचं उत्तर दोन दिवस आलं नाही. मी दोनदा त्यांच्या दारावरून चक्कर मारली. गाडी उभी, दार लोटलेलं. हाक मारायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं.

"त्या मुलाला विचारलं नाही हे खरं आहे. माझं चुकलं. त्या वाडीत गोवराने पोरं गेली होती. मी गेले की आया कड्या लावून घ्यायच्या. कागद दाखवावा तर वाचता येत नव्हतं. तेव्हा माझ्याजवळ सगळ्यात मोलाचं जे होतं ते घेऊन गेले. लसीची मला खात्री होती. तरी घरी आल्यावर ताप उतरेपर्यंत त्याच्या उशाशी बसून असायचे, दर घटकेला छातीवर हात ठेवून बघायचे, कारण आईला कसलीच खात्री नसते. हे मी त्या बायकांना कधी सांगितलं नाही. लपवलं. तुला आज सांगते."

मी ते दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि शटर अर्धं खाली ओढून बसलो. मोठमोठ्या डॉक्टरांची भाषणं ऐकली आहेत मी. पण चारशे अनोळखी माणसांसमोर 'माझं चुकलं' असं लिहायचं आणि तरी आपल्या कामावरून तसूभर हलायचं नाही, हे आमच्या सिस्टरांनाच जमलं. कॉलर ताठ झाली माझी.

डिझेलदादाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, तेही गाडीच्याच भाषेत. "मंगळवारी दहा वाजता, आमच्या इथल्या केंद्रात. रोह्याहून रेवदंड्यावरून या, चढण कमी लागेल. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय सोडा."

मंगळवारी सिस्टर गाडी चालवत होत्या आणि मी शेजारी बसून देवाचं नाव घेत होतो. स्वतः गाडी चालवत माणगावच्या पुढे त्या आजवर कधी गेल्या नव्हत्या. वळण आलं की थांबायचं, हॉर्न द्यायचा, खिडकीतून बघायचं आणि मग निघायचं. एका बकरीला त्यांनी तीन वेळा हॉर्न दिला. ती हलली नाही, तेव्हा उतरून समजूत घातली. मांडव्याहून मुंबईची बोट पकडायला निघालेली मंडळी मागून बोंबलत होती. "बोंबलू दे," सिस्टर म्हणाल्या, "बोट काय पोहत सुटत नाय." क्लचवरचा पाय मात्र त्यांनी कटाक्षाने काढून ठेवला होता.

केंद्राच्या ओट्यावर श्रीकांत उभा होता, शेजारी बायको, तिच्या कडेवर पोर. सिस्टर जवळ गेल्या. त्यांची नजर सुनेच्या हातातल्या कार्डावर गेलेली मी पाहिली, आणि तिथून त्यांनी ती मोठ्या कष्टाने उचललेलीही पाहिली. मग नऊ महिन्यांच्या नातीला म्हणाल्या, "नाव काय गं तुझं?" सून हसली आणि तिने पोर त्यांच्या हातात दिलं.

आतली नर्स तरुण होती, सिस्टरांच्याच हाताखाली शिकलेली. ती चटकन उठली. "मॅडम, तुम्ही! मग आज तुम्हीच द्या ना."

"नको गं," सिस्टर म्हणाल्या. "मी आजी म्हणून आलेय."

त्या बाकावर बसल्या, पोर मांडीवर घेतलं. नर्सने सांगितलं तसे तिचे पाय धरले. सुई जवळ आली आणि सिस्टरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. डोळे गच्च मिटले. ज्या बायकांना त्या आयुष्यभर 'इकडं बघ गं, काय होत नाय' म्हणून दटावत आल्या, अगदी त्यांच्यासारखे. पोरीने जोरात भोकाड पसरलं. नर्सने कापूस धरला, सुई टाकून दिली, कार्डावर लिहायलाही लागली. सिस्टर तशाच, भिंतीकडे तोंड करून.

श्रीकांत त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आई, झालं. उघड डोळे."

त्यांनी ते लगेच उघडले नाहीत.