पट्टी कोनं बदलली?

आमच्या अकोटच्या चर्चमध्ये प्रार्थना कुठे संपवायची, हे पाळकसाहेब ठरवत नाहीत, एस्तेरमावशी ठरवतात. प्रार्थना जरा लांबली की तिसऱ्या बाकावरून खणखणीत "आमेन!" येतं आणि साहेबांचं अर्धं वाक्य तोंडातच राहतं.

मावशी सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. आवाज अजून वॉर्डातलाच. मी मंडळीचा सेक्रेटरी, त्यामुळे त्यांच्या रागाचा पहिला हप्ता माझा. "देवाले कामाले लावलं आन् आपन मोकये!" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय, ते देवालाच ठाऊक.

त्या रविवारी मी याकोबकाकांसाठी प्रार्थना करत होतो. काका रंगारी, एकटेच राहतात. शुगर वाढलेली, पायाला जखम.

"हे दयाळू पित्या, तुझ्या दासाच्या पायावर तुझा हात ठेव..."

"आमेन!" मावशी उभ्याच राहिल्या. "या पायासाठी चवथा रविवार हाय हा. पट्टी कोनं बदलली?"

त्यांनी सगळ्या बाकांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून थांबवली.

"देवाचा हात मांगून राहिले. सॅमभाऊ, तुमाले दोन हायेत ना?"

लोक हसले. माझं डोकं भणभणलं. उपासनेत बोलायची ही काय रीत? पण पट्टी मीही बदलली नव्हती, म्हणून राग जास्तच आला.

चर्चमधून त्यांनी मला थेट काकांच्या खोलीवर नेलं. दारातच वास आला. मावशींनी पाय उघडून पाहिला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू जखम मीच केली होती. काकांना ऑटोत घालून अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेताना त्यांनी वाटेत कोणालाच सोडलं नाही. पाळक झाले, मंडळी झाली, मी झालो. शेवटी काकांवर घसरल्या, "तुमी काहून सांगतलं नाही?"

"सांगतलं ना," काका हळूच म्हणाले. "चर्चमंदी."

मावशींनी काकांचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बोटं काढावी लागतील. फॉर्म, रक्त, इंजेक्शन, सगळीकडे मावशी धावल्या. मग काकांना आत नेलं, दार बंद झालं आणि करायला काही उरलं नाही. काकांचा सदरा त्यांनी तीनदा उलगडला, तीनदा त्याची घडी केली.

"सॅमभाऊ, प्रार्थना करा."

मी भीतभीत छोटीशीच केली. डोळे उघडले, तर त्यांचे मिटलेलेच.

"अजून करा. मले नाही जमत. आमचे हे होते, तं मी भाकरी टाकू आन् ते दोघाची प्रार्थना करत. मी उभ्यानंच आयकू. आठ वर्सं झाले. माहं नाव घेऊन कोनी प्रार्थना केली नाही."

मी सेक्रेटरी. आजाऱ्यांची यादी दर आठवड्याला मीच लिहितो. एकदाही मला सुचलं नव्हतं.

मी पुन्हा डोळे मिटले. काकांचं नाव घेतलं, मग मावशींचं. शेजारी त्या आवाज न करता रडत होत्या.

दार उघडलं. दोन बोटं गेली होती, पाय वाचला होता. मी चहा आणायला उठलो, तर मावशींनी पदरानं तोंड पुसत माझी बाही धरली.

"बसा जरा," त्या म्हणाल्या.