पुसट खांब

मार्चअखेरीला, एकतीस तारखेला सकाळी सव्वादहा वाजता, नगरपालिकेनं उपासनी सरांच्या गाडीच्या शेडची सावली घरपोच आणून दिली. शेड अजून व्हायची होती.

यात वावगं काही नव्हतं. या गावात बांधीव सावल्या नगरपालिकाच देते. नकाशा मंजूर झाला की आधी सावली येते, मग ज्यानं त्यानं तिच्या मापाची वस्तू उभी करायची. हातगाडीवरून दोन माणसं आली. सतरंजीसारखी गुंडाळलेली सावली त्यांनी अंगणात उलगडली, कडा पायानं सारख्या केल्या, उन्हाला जोडून दिली आणि सरांची सही घेतली. सरांनी सही केली. मग ती आपल्यासारखी आली नाही असं वाटून खाली आणखी एक केली.

उपासनी सर चौऱ्याहत्तर वर्षांचे. अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी छत्तीस वर्षं शिकवलं, आणि लाकडी तुळया वजनाखाली किती वाकतात यावर चारशे पानांचा प्रबंध लिहिला. स्वतः त्यांनी आयुष्यात काहीही उभं केलं नव्हतं. देवघरातला चौरंग लग्नापासून डुगडुगत होता, आणि त्याच्या एका पायाखाली त्या प्रबंधाची तिसरी प्रत होती.

"छत्तीस वर्षं पूल शिकवलेत," शालनताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पाहुण्यांसमोर सांगायच्या. "घरात साधी खुंटी ठोकायची तर माणूस बोलवावा लागतो."

म्हणून ही शेड. चार खांब, वर दोन तुळया, त्यावर वासे आणि फळ्या, फळ्यांवर पत्रा. जुनी पांढरी गाडी सावलीत उभी राहील, आणि मरायच्या आधी आपण एक तरी वस्तू उभी केली असं म्हणता येईल. सरांचं मागणं एवढंच होतं.

सावली उलगडल्यावर शालनताई बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून मोजायला लागल्या. "एक, दोन, तीन, चार. अहो, आणि हा मधला कोण?"

शेडच्या तोंडाशी, म्हणजे पश्चिमेला, जिथून गाडी आत यायची बरोबर त्या जागी, पाचव्या खांबाची सावली पडली होती. ती इतर चारांसारखी काळी नव्हती. पुसट होती. छपरापर्यंत पोचत नव्हती. आणि वारा नसताना किंचित हलत होती.

सरांनी तो लगेच ओळखला. नकाशा द्यायच्या आदल्या संध्याकाळी त्यांना शंका आली होती की चार खांबांवर छप्पर तगेल का. हिशेब सांगत होता की तगेल. तरी त्यांनी पेन्सिलीनं पाचवा खांब काढला. मग लक्षात आलं की तिथून गाडी यायची आहे. मग ते वरून खोडायला लागले. निम्मंअधिक खोडून झाल्यावर वाटलं, खोडतोय ते बरोबर आहे का? तिथंच खोडरबर खाली ठेवलं आणि तसाच कागद दुसऱ्या दिवशी दिला. नगरपालिका इतर कुठल्याही कामात चोख नाही. पण कागदावर जे असेल, जितकं असेल, ते मात्र ती जसंच्या तसं देते.

सावली आल्याच्या दुसऱ्या दिवशी सर नगरपालिकेच्या सावली विभागात गेले. निरीक्षक कणसे खुर्चीत चहा पीत होते.

"बसा सर. ओळखलंत का? तुमच्या विषयात दोनदा राहिलो होतो."

"हो का?" सर म्हणाले. "पेपर कदाचित माझ्याकडूनच चुकीचा तपासला गेला असेल."

"नाही नाही. मला येतच नव्हतं." कणसेंनी फाईल उघडली. "बोला."

"त्या पाचव्या खांबाची सावली काढून घेता येईल का?"

"वाढवून मिळते. त्याला जोडअर्ज आहे. कमी करायची तरतूद नाही. तुम्ही खांब उभा करा की."

"पण तो पुसट आहे हो."

"मग पुसट खांब उभा करा."

"पुसट खांब कसा उभा करायचा?"

"आता हे मी तुम्हाला सांगायचं?" कणसेंनी कप बशीत ठेवला. "एक बोलू का सर, राग मानू नका. हे शिकलेल्या माणसांच्याच अर्जात होतं. तुमच्या शेजारच्या जगदाळेवहिनींचा नकाशा बघा. नातीच्या कंपासातली पट्टी घेऊन चार रेघा मारल्यात, पण काय ठाम मारल्यात! कागद फाटायचा राहिलाय. त्या प्रतीक्षायादीत पहिल्या आहेत. दहा मेपर्यंत एकदाच तपासणी होईल, तीत तुमची वस्तू सावलीशी जुळली नाही, तर सावली गुंडाळून त्यांच्याकडं जाईल. आणि एका माणसाला हयातीत एकदाच मिळते, हे अर्जाच्या मागं छापलंय."

सरांनी अर्जाची मागची बाजू चार वेळा वाचली होती. तरी त्यांनी ती पुन्हा वाचली.

घरी परतले तर कुंपणापलीकडं जगदाळेवहिनी उभ्या होत्या. त्यांचं अंगण पूर्वेला, त्यामुळं दुपार कलली की शेडची सावली कुंपण ओलांडून थेट त्यांच्या कुरडयांवर जायची.

"सर, तुमची सावली माझ्या कुरडयांवर झोपतीय," त्या म्हणाल्या. "आमची होणारच आहे म्हणून गप बसलेय. पण तोवर तरी आवरा."

"मी प्रयत्न करतोय, वहिनी."

"ते दिसतंय," वहिनी म्हणाल्या, आणि कुरडयांची चादर ओढून उन्हात नेली.

दगडू सुतार सहा एप्रिलला आला. साठीचा माणूस, कानाला पेन्सिल. सरांनी त्याच्यापुढं सव्वीस पानांचा हिशेब ठेवला. दगडूनं तो उचलला, वजन केल्यासारखा हातात तोलला आणि त्यावर रंधा ठेवला.

"सर, ही शेड हाय का धरण?"

"सुरक्षिततेसाठी थोडं जास्त धरलंय."

"चार खड्डं दोन-दोन फुटाचं. खांब ऐनाच्या लाकडाचं. बुडाला डांबर, न्हाईतर वाळवी खाईल. ओळंबा लावायचा, खडी-सिमेंट वतायचं. झालं. ह्याला कागुद कशाला?"

चार खांब चार दिवसांत उभे राहिले. खांब आपल्या सावलीच्या बुडाशी नेमका बसला की कुलूप लागल्यासारखा 'टक्' असा आवाज होतो. प्रत्येक टक् ऐकून सरांचा चेहरा उजळायचा, आणि मग तो आवाज नीट आला ना, हे ते दगडूला विचारायचे.

पाचव्यापाशी गाडं अडलं. दगडूनं आधी बांबू रोवून बघितला. त्याची सावली काळीकुट्ट पडली आणि पुसट सावलीशेजारी परक्यासारखी उभी राहिली. मग एक चौकट करून तिला मच्छरदाणीचं कापड लावलं. सावली हलकी पडली, पण टक् काही वाजलं नाही.

दगडू उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. "न्हाई सर. ह्यो फिका हाय. तुमचा फिका न्हाई, पुसट हाय. हुता, आन् मग कुनीतरी इचार बदलला, असा."

"मग कशाचा करू या?"

"असलं लाकूड मी तरी बगितलं न्हाई," दगडू म्हणाला. "आन् हलतोय बगा कसा. तुमी चहाची बशी धरल्यावानी."

शालनताई पायरीवर शेंगा सोलत होत्या. "त्यांचं सगळंच तसं," त्या म्हणाल्या. "लग्नात मांडवाबाहेर फोटो काढला तेव्हा फोटोवाला म्हणाला होता, नवरदेवाची सावली नीट येत नाहीये, जरा उन्हात सरका. ते सरकले. तरी पेन्सिलीनं काढल्यासारखीच आली."

सरांनी हे ऐकलं नाही, कारण ते त्या वेळी डोक्यात सूर्य फिरवत होते. त्यांना मार्ग सापडला होता. वर्षातून दोन दिवस या गावात सूर्य ऐन माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूंची सावली त्यांच्या पायाखाली नाहीशी होते. त्यातला एक दिवस नऊ मे, वेळ बारा वाजून तीस मिनिटं. त्या क्षणी सगळ्या खांबांच्या सावल्या शून्य. चारही शून्य, आणि पाचवीही शून्य. छपराची सावली छपराखाली. तपासणी त्या क्षणी झाली तर पाचवा खांब कुणाला दिसणारच नाही!

त्यांनी हिशेब अकरा वेळा तपासला आणि अर्ज केला: 'तपासणी दिनांक ९ मे रोजी दुपारी १२ वाजून ३० मिनिटांनी व्हावी ही विनंती.' अर्ज शिक्का मारून मंजूर होऊन आला. छत्तीस वर्षांच्या विद्येचा पहिल्यांदाच उपयोग होतोय असं सरांना वाटलं. हे वाटणं जवळजवळ संध्याकाळपर्यंत टिकलं.

नऊ तारखेला शेड तयार होती. पत्रा बसला होता, तुळयांना तेल दिलं होतं. सर इस्त्रीचा शर्ट घालून अकरापासून फाटकात उभे. बाराच्या पुढं सावली आखडत आखडत शेडखाली शिरली. साडेबाराला ती छपराखाली अशी बसली की बोटभर इकडं नाही, बोटभर तिकडं नाही. पाचवा खांब नाहीसा झाला. दगडू, जो सहसा कशालाच मान डोलवत नाही, त्यानं मान डोलवली.

कणसे आले नाहीत.

बारा पस्तीस झाले. सरांनी नगरपालिकेत फोन लावला. "साहेब जेवायला गेलेत," पलीकडून उत्तर आलं.

शालनताई दारात आल्या. "अहो, सरकारी माणूस साडेबाराला कुठं असतो? एवढा सूर्याचा हिशेब केलात, डब्याचा कसा केला नाहीत?"

त्या पहिल्यापासून हे ओळखून होत्या आणि गंमत बघायला गप्प राहिल्या होत्या, हे सरांच्या लक्षात आलं.

कणसे चार वाजून दहा मिनिटांनी आले. बरोबर हातगाडी आणि तीच दोन माणसं, दोरी घेऊन. सावली पूर्वेला लांब पसरली होती. छपराची पार कुंपणापलीकडं, आणि शेडच्या तोंडाशी पाचव्या खांबाची पुसट, हलती रेघ. जगदाळेवहिनींनी आपल्या अंगणात सावलीसाठी जागा झाडून ठेवली होती.

कणसेंनी टेप लावला. "खांब एक, जुळतो. दोन, जुळतो. तीन. चार. छप्पर, जुळतं. काम छान झालंय सर." मग ते पाचव्यापाशी आले. "लांबी सहा फूट अकरा इंच. सावली आहे, वस्तू नाही." त्यांनी वहीत तसं लिहिलं आणि माणसांना खूण केली. "घ्या गुंडाळायला."

माणसांनी सावलीचं एक टोक उचललं. त्याबरोबर छपराखालच्या तुळया कुरकुरल्या.

"थांबा!" सर ओरडले. घरात किंवा वर्गात ते कधी ओरडले नव्हते, त्यामुळं आवाज मधेच फाटला. ते धावत शेडच्या तोंडाशी गेले आणि माणसांना अडवायला वाटेत उभे राहिले, हात अंगाशी घट्ट धरून, थरथरत.

टक्.

सगळ्यांनी खाली बघितलं. आवाज सरांच्या टाचांपाशी झाला होता.

कणसे गुडघ्यावर बसले. त्यांनी टेप सरांच्या चपलेपासून सावलीच्या टोकापर्यंत धरला. "सहा फूट अकरा. उंची किती तुमची?"

"पाच फूट चार इंच. म्हणजे, बहुतेक."

"बरोबर. पुसट आहे. छपराला टेकत नाही. हलतोय का?"

"हलतोय," दगडू म्हणाला.

"मग आधी सांगायचं ना, खांब घरातच आहे म्हणून! उगीच हातगाडी आणायला लावली."

"अहो साहेब," जगदाळेवहिनी कुंपणावरून ओरडल्या, "माणूस कसा खांब होईल? लाकडाची शेड म्हणून मंजूर आहे ना?"

कणसेंनी नियमाचं पुस्तक काढलं. "लाकडी शेड म्हटलंय. खांबाबद्दल फक्त 'टिकाऊ साहित्याचा' असं आहे." त्यांनी शालनताईंकडं बघितलं. "टिकाऊ आहेत का?"

"चौऱ्याहत्तर वर्षं झाली," शालनताई म्हणाल्या. "उपयोगाचे विचाराल तर वेगळं सांगेन."

"उपयोगाचा रकाना नाही," कणसे म्हणाले आणि शिक्का मारला. जाताना त्यांनी अटी सांगितल्या. ऊन असेपर्यंत खांब जागेवर असावा. गाडी काढायला-घालायला बाजूला घेता येईल. दर वर्षी पावसाळ्याआधी देखभाल करावी.

त्याला आता महिना होत आला. शालनताई बाजारातून येतात, फाटकात हॉर्न वाजवतात, पाचवा खांब बाजूला होतो, गाडी आत जाते, खांब परत येतो. जगदाळेवहिनींनी हरकतीचा अर्ज केला होता. तो फेटाळला गेला. आता त्या कुंपणापाशी आल्या की सरांशी न बोलता चौथ्या खांबाशी बोलतात. चहा सरांना जागेवर मिळतो. पहिल्या दिवशी त्यांनी पाचव्या खांबावर किती भार येतो याचा हिशेब करून बघितला. उत्तर शून्य आलं. त्यांनी तो पुन्हा केला.

परवा दगडू देखभालीला आला. त्यानं प्रत्येक खांबाला ओळंबा लावला.

"सरळ आहे का मी?" सरांनी विचारलं.

दगडूनं एक डोळा मिटला. "अर्धा इंच भाईर हाय. चालतंय."

मग त्यानं डांबराचा डबा उघडला आणि खांबांच्या बुडाला ब्रश मारत निघाला. एक, दोन, तीन, चार. पाचव्यापाशी येऊन तो उकिडवा बसला.

"पाय उचला, सर."

सरांनी डावा पाय उचलला. मग तो खाली ठेवला, आणि उजवा उचलला.