रेस हळू दे, बाप्पा!

आमच्या शेजारचे टेंभरे काका रोज सकाळी चहा पितात आणि हायवेवरच्या ब्रेकरपाशी उभे राहून ट्रकवाल्यांना शिव्या घालतात. आमच्या कोहमारा गावात ट्रकांना तोटा नाही, त्यामुळे काकांना सुट्टी नाही. शेजारी राहतो म्हणून मलाही नाही.

ब्रेकर ओलांडला की ड्रायव्हर एकदम रेस दाबतो आणि ट्रकमागून काळ्या धुराचा लोट उठतो. जन्मभर धानाचे ट्रक चालवलेले काका मग ओरडतात, "अबे, डिझेल लगेच जाते, हवा मागून येते! इंजनले श्वास तं घेऊ दे!" एकदम भार पडला की डिझेल अर्धवट जळतं आणि त्याची काजळी होते, हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन.

हाच नियम त्यांनी साऱ्या जगाला लावला. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने भाताचा ढीग घातला की, "एकदम लोड नोको देऊ, बाप्पा." माझ्या स्कूटीवर मागे बसले की खांद्यावर थापा सुरू, "रेस हळू दे, हळू."

"काका, ही बॅटरीवर चालते. हिला धूरच नाही."

"धूर नाही, पन तुही सवय तं खराब होऊन रायली ना!"

 मी रेस हळू दिली.

गेल्या हिवाळ्यात मात्र हद्द झाली. मी लांबच्या शाळेत शिकवायला बसने निघालो होतो, तर काका सरळ एका भरल्या ट्रकसमोर उभे. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "बाबा, मरना है क्या?"

"पहले धीरे चलाना सीख!" काका जागचे हलेनात. मागे गाड्यांची रांग लागली. त्यांना ओढत घरी आणेस्तोवर माझी बस गेली.

"काऊन करता हे सगळं? एखाद दिवशी ट्रकखाली याल!" मीही ओरडलो.

 ते मला पुढच्या खोलीत घेऊन गेले. रस्त्याकडच्या खिडकीला गाल टेकून काकू बसल्या होत्या, खोकत होत्या. काकूंना विसर पडतो हे मला ठाऊक होतं. खिडकीच्या गजांवर काजळी होती. काका ओल्या फडक्याने ती पुसू लागले.

"यांना मागच्या खोलीत का नाही बसवत?"

"बसवली होती. रडून रायली होती. म्हने, आमच्या ह्यायची गाडी येऊन रायली, मले रस्ता पाहू द्या." त्यांनी फडकं पिळलं. "जवानीभर इथंच बसून माही वाट पायली तिनं. आता मी घरीच आहो, तं मले वळखत नाही. वाट मात्र पाहून रायली."

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. काका खांद्यावर दुपट्टा टाकून रस्त्यापर्यंत गेले, वळले आणि समोरच्या दाराने आत शिरले.

"आलो वो."

"किती उशीर केला जी!" काकूंचा आवाज एकदम तरुण झाला होता. "वाटेत जेवले का?"

"नाही. म्हटलं, तुह्याच हातचं खाईन."

भात काकांनी दुपारीच शिजवून ठेवला होता.